जावयापासून लपवलेली दाढ

राधाकिशन भाऊसाहेबांची उजवीकडची खालची दाढ दुखायला लागली, तेव्हा त्यांना दाढेचा राग आला नाही, जावयाचा आला. जावई बिचारा अंबाजोगाईत आपल्या दवाखान्यात कुणाच्या तरी तोंडात वाकून बसला असेल. पण त्याचा गुन्हा असा की तो दातांचा डॉक्टर होता. हाडांचा असता तर चाललं असतं, डोळ्यांचा असता तर फारच उत्तम, अगदी जनावरांचा असता तरी त्यांच्या घाटनांदूर गावात मान कमी झाला नसता. पण नेमका दातांचा! माणसाच्या शरीरात इतक्या जागा असताना या पोराला तीच एक सापडावी, हे भाऊसाहेबांना काही केल्या पटत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, घरात डॉक्टर असताना रडायचं कशाला, जायचं आणि दाखवून यायचं. विमलबाई, म्हणजे भाऊसाहेबांची बायको, हेच म्हणत होत्या. पण बाईमाणसाला काय कळतंय, असं भाऊसाहेबांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी विमलबाईंना कधी ऐकू येईल अशा आवाजात सांगितलेलं नव्हतं. एक तर ज्या माणसाचे पाय आपण लग्नात धुतले, त्याच्यापुढं आऽ करून बसायचं कसं? आणि दुसरं कारण त्याहून मोठं होतं. ते कागदावर होतं.

भाऊसाहेब म्हणजे कुणी पुढारी नव्हेत. गावातल्या एका शाळेत ते क्लार्क, आणि शाळेतल्या क्लार्कला आपल्याकडं भाऊसाहेबच म्हणतात. तीस वर्षं कागद भरून भरून त्यांना एक सवय जडली होती, मोकळा रकाना त्यांना बघवायचा नाही. राजनंदिनीच्या लग्नासाठी परिचयपत्र टाईप केलं, तेव्हा ‘वडील’ या रकान्यात ‘नोकरी’ लिहून झाल्यावर थोडी जागा उरली. भाऊसाहेबांनी तिथं ‘निर्व्यसनी’ असं लिहून टाकलं. लिहिताना त्यांच्या उजव्या गालात तंबाखूची चिमूट होती.

बैठकीत मुलाच्या वडिलांनी, हनुमानरावांनी, चष्मा लावून त्या शब्दावर बोट ठेवलं. “हे आमाला लई आवडलं बगा पाव्हणं. आमच्या खानदानात तंबाखूला कुणी शिवलेलं न्हाई. आन् तंबाखूवाल्याची पोरगी आमी करनार बी न्हाई.” तेव्हाही गालात चिमूट असल्यामुळं भाऊसाहेबांनी नुसती मान हलवली. ती मान हलवणं पुढं त्यांना चांगलंच महागात पडलं.

लग्नाला अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. उद्या जावयानं तोंडात बघितलं, त्याच्या घरी कळलं, आणि कुणी एखाद्या दिवशी राजनंदिनीला म्हटलं की तुझ्या बापानं खोटं लिहून दिलं, तर? पोरगी फोनवर हसत बोलायची, ते हसणं आपल्या चिमटीपायी जाईल, या भीतीनं भाऊसाहेबांना घाम फुटायचा. दुखणाऱ्या दाढेपेक्षा ही भीती जास्त ठणकायची. मग तंबाखू सोडायची, असं आपल्याला वाटतं. भाऊसाहेबांनाही दर सोमवारी वाटायचं. शाळेतली ‘तंबाखूमुक्त शाळा’ ही फाईल त्यांच्याचकडं होती. पुडी ते त्या फाईलमागं ठेवत, कारण ती फाईल आजवर एकाही साहेबानं बाहेर काढायला लावलेली नव्हती.

खरं तर सुरुवात दाढेपासून नव्हतीच, हिरड्यांपासून होती. वर्षभर ब्रश केला की थुंकी गुलाबी यायची. भाऊसाहेबांनी त्यावर सरळ उपाय केला, ब्रश बंद केला आणि बोटानं काळं मंजन लावू लागले. रक्त दिसेनासं झालं. रक्त दिसत नाही म्हणजे रोग गेला, असं समजून ते निर्धास्त राहिले. मग हिरड्या सुजल्या, दातांच्या बुडाशी पिवळा थर चढत गेला, आणि एके दिवशी माठातलं पाणी प्यायल्यावर उजव्या दाढेतून अशी कळ निघाली की हातातला तांब्या कोपऱ्यात जाऊन पडला.

दुखणं लपवायचं असलं तर गाव सोडावं लागतं. गल्लीत राहून ते जमत नाही. गाल थोडा वर आला आणि शेजारच्या भामाबाई उंबऱ्यात हजर झाल्या.

“मिश्री लावा भाऊसाहेब. भाजायची, बारीक करायची आन् लावायची. माजं बगा, सत्तरी गाठली, तोंडात एक बी किडका दात न्हाई.”

हे खरंच होतं. भामाबाईंच्या तोंडात एकूण चार दात होते आणि त्या चारांपैकी एकही किडका नव्हता. भाऊसाहेबांनी मिश्री लावली. तिच्यात तंबाखूच असल्यामुळं त्यांना मनाला बरं वाटलं, दाढेला मात्र काही वाटलं नाही.

समोरच्या किराणा दुकानाचे मन्मथअप्पा जरा सुधारलेले. त्यांनी डोकेदुखीची गोळी काढून दिली. “गिळायची न्हाई बरं का. गिळली की ती पोटात जाती, आन् दाढ तर वरी हाय. चुरायची आन् दाढंवर दाबून धरायची.” भाऊसाहेबांना हा हिशेब पटला. त्यांनी गोळी चुरून दाबून धरली. अर्ध्या तासानं दाढेशेजारची हिरडी भाजून पांढरी पडली आणि आता दाढ वेगळी आणि हिरडी वेगळी अशी दोन दुखणी झाली. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हंजे गोळी काम करायलीय.”

मग आठवडी बाजारात दाताची कीड काढणारी एक बाई बसते, तिच्याकडं ते गेले. शाळेचा क्लार्क, बारावी पास, डोक्यावर टोपी ओढून भाजीवाल्यांच्या मागं जाऊन बसला. बाईनं निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकलं, नळीनं धूर तोंडात घेतला, आणि पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक किडे दाखवले. भाऊसाहेबांनी सवयीनं मोजले, सतरा भरले. चेहरा धुरानं काळा, डोळे लाल, पण मनात समाधान, की चला, एकदाची निकाली निघाली. दुसऱ्या दिवशी दाढ पुन्हा ठणकली, तेव्हा अठरावा आतच राहिला असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ते किडे बाईच्या बोटांतून येतात, दाढेतून नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मेडिकलवाल्यानं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत सूज उतरली. भाऊसाहेबांनी उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्या. पुढची वेळ आठच दिवसांनी आली आणि या खेपेला सूज डोळ्याखालपर्यंत चढली. आता मात्र डॉक्टर लागणार होता, आणि तो जावई नको होता.

सरकारी दवाखाना हा विचार त्यांना आधीच सुचायला हवा होता, कारण सरकारी खात्यावर त्यांचा विश्वास होता. दुसऱ्या तालुक्यातल्या एका दवाखान्यात ते गेले. खिडकीत केसपेपर काढला. खिडकीतल्या माणसानं नाव, वय, आधार, मोबाईल, सगळं लिहून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं, “दाताचे डॉक्टर न्हाईत.”

“मग केसपेपर कावून काढला?”

“तुमी मागितला म्हणून.”

आत प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये एक नवी कोरी खुर्ची होती, दातांच्या रोग्याला बसवतात तसली. डॉक्टर दुसरीकडं पाठवलेले. गेल्या वर्षी डॉक्टर होते तेव्हा खुर्ची नव्हती. “अर्ज द्या,” खिडकीतला माणूस आपुलकीनं म्हणाला, “वरी पाठवतो.” हे वाक्य भाऊसाहेबांनी स्वतः तीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता. ते मुकाट्यानं स्टँडवर आले.

अंबाजोगाईत जाण्याची सोय नव्हती. परळीत जावयाच्या बरोबर शिकलेले दोघं होते, लातुरात तर त्याचे सरच. शेवटी भाऊसाहेबांनी शाळेच्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशासमोर स्टूल ओढलं, वर चढले, आणि अंबाजोगाईवर पट्टीचं एक टोक ठेवून सगळ्यात लांब कुठलं गाव पडतं ते मोजलं. कडा निघालं. आष्टी तालुका, साखर कारखान्याचं गाव, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथं कोण ओळखतंय!

घरी सांगितलं, “लिंबागणेशला जाऊन येतो. संकष्टी हाय. अधिकाचा महिना हाय.” विमलबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. तीस वर्षांत हा माणूस घरातल्या गणपतीलाही आठवण करून दिल्याशिवाय फूल वाहत नव्हता.

मे महिन्यातलं बीड जिल्ह्याचं ऊन आणि एसटीचा पत्रा, त्यात सुजलेला गाल. अंबाजोगाईच्या स्टँडवर जावयाच्या ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्यांनी तोंडाला पंचा बांधला. मांजरसुंब्याला गाडी बदलली. लिंबागणेश आलं तेव्हा त्यांनी खिडकीतूनच हात जोडले आणि देवाला मनात सांगितलं, येताना उतरतो. पाटोदा गेलं, आष्टी गेली. प्रत्येक खड्ड्याला दाढ आपली हजेरी लावत होती. कड्याला उतरले तेव्हा त्यांना वाटलं, इथंच कुठंतरी झाडाखाली आडवं व्हावं आणि दाढेनं आणि आपण आपापसात काय ते बघून घ्यावं.

डॉक्टरीण तरुण होती, मंजुषा नावाची. तिच्या मदतनीस बाईनं नाव विचारलं. भाऊसाहेब एक क्षण अडखळले आणि म्हणाले, “मन्मथ.” मोबाईल नंबर मात्र सवयीनं स्वतःचाच सांगितला. खोटं बोलण्याचं खातं तीस वर्षांत त्यांच्याकडं कधी आलेलं नव्हतं, त्यामुळं ते अर्धवट जमायचं.

“काका, तंबाखू?” तोंडात बघून तिनं विचारलं.

“न्हाई.”

तिनं वाद घातला नाही. छोटा आरसा हातात दिला आणि गाल बोटानं ओढून धरला. आत, जिथं चिमूट बसायची बरोबर तिथं, एक पांढरा चट्टा होता. भाऊसाहेबांनी तो आजवर बघितलेला नव्हता.

“गोळी ठेवलती,” ते म्हणाले.

“गोळीनं भाजलेलं हे खाली, हिरडीवर. ते भरून येईल. मी वरच्याबद्दल बोलतेय. जे काही तुम्ही खात नाही ना, ते आजपासून बंद करा. दोन आठवड्यांत चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. घाबरवत नाही, पण हे टाळायचं नाही.”

भाऊसाहेब घाबरले. मग तिनं एक्स-रे काढला, हिरडीत इंजेक्शन दिलं आणि मुळापर्यंत किडलेली दाढ उघडून आतली घाण साफ केली. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडायचा नसतो, मऊ ब्रश घेऊन उलट दोन वेळा घासायचं असतं, हेही तिनं सांगितलं. दातांवरचा दगडासारखा थर साफ करायला हवा म्हणाली. “त्यानं दात हलतात म्हणं,” भाऊसाहेब म्हणाले. “दात आधीच हलत असतात, थरानं धरून ठेवलेले असतात. त्या थरापायीच हिरडी सुटत चाललीय.” शेवटी तिनं दाढ कच्च्या सिमेंटानं बुजवली. “अजून दोनदा यावं लागेल. दुखणं आज थांबेल. थांबलं म्हणून यायचं थांबवू नका. सगळे तेच करतात.”

आपण सगळ्यांतले नाही, असं भाऊसाहेबांनी तिला ठासून सांगितलं.

येताना गाडीला उशीर झाला, लिंबागणेशला उतरायचं राहून गेलं. प्रसाद म्हणून मांजरसुंब्याच्या स्टँडवर पेढे घेतले. विमलबाईंनी खोका उलटा करून वाचला. “देवाचा परसाद मांजरसुंब्याच्या हाटिलात कवापासून मिळायलाय?” त्या म्हणाल्या आणि पेढा खाल्ला. भाऊसाहेबांना खुलासा देण्याचंही त्राण नव्हतं.

दाढ मात्र खरंच थांबली. चौथ्या दिवशी तर ते विसरूनही गेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यांची गर्दी होती, लेक-जावयाला बोलावून घालायचं अधिकमासाचं धोंड्याचं जेवण तोंडावर आलं होतं, कड्याच्या खड्ड्यांची आठवण ताजी होती. दुखतच नाही तर एवढ्या लांब जाऊन काय दाखवायचं, असा विचार करून त्यांनी पुढची तारीख मनातल्या मनात निकाली काढली. तंबाखूही दोन दिवस बंद होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी जागा बदलली, उजव्या गालाऐवजी डाव्यात. आपण डॉक्टरांचं निम्मं ऐकलं, याचं त्यांना समाधान होतं.

पण एक मेसेज आला. भाऊसाहेब अंघोळीला गेले होते आणि फोन विमलबाईंच्या हातात होता. ‘नमस्कार मन्मथराव. आपल्या दाढेच्या उपचाराची पुढील तारीख गुरुवार. दंत दवाखाना, कडा.’ विमलबाई तशाच पदर सावरत समोरच्या दुकानात गेल्या. “अप्पा, तुमची दाढ कशी हाय आता? मेसेज आमच्याकडं आला जणू.” मन्मथअप्पांची दाढ ठणठणीत होती. पण दुकानात तेव्हा भामाबाई साखर घेत होत्या, आणि मग दुपारपर्यंत गल्लीतलं माणूसन् माणूस अप्पांच्या दाढेची चौकशी करून गेलं. कुणी लवंग आणून दिली, कुणी तुरटी. संध्याकाळी अप्पा तणतणत आले. “भाऊसाहेब, माजी दाढ कड्याला कवा गेलती ओ?”

भाऊसाहेबांना सगळं सांगावं लागलं. ऐकून अप्पा खोकल्यासारखं करत बाहेर गेले. विमलबाई म्हणाल्या, “शेजारच्या गावात जावई, आन् तुमी जगाच्या टोकाला गेलतात. बेजार केलं तुमी मला. त्या एका शब्दापायी?”

“पोरीला बोल लागंल,” भाऊसाहेब म्हणाले. विमलबाईंना दया आली, पण ती त्यांनी दाखवली नाही. कड्याची गुरुवारची तारीख पुरण शिजवण्याच्या आणि अनारसे तळण्याच्या गडबडीत निघून गेली.

रविवारी पाहुणे आले. जावई डॉक्टर वैजनाथ, राजनंदिनी, आणि खास आग्रहानं बोलावलेले हनुमानराव. सकाळी उठल्यापासून भाऊसाहेबांची दाढ पुन्हा बारीक बारीक बोलायला लागली होती, कच्चं सिमेंट कुठंतरी निसटलं होतं. ‘एक दिवस,’ ते दाढेला मनात म्हणाले, ‘फक्त आजचा दिवस काढ.’ शाळेत निवृत्तीला आलेल्या शिपायाला सांगावं तसं त्यांनी तिला समजावून सांगितलं.

जावयाला पाटावर बसवलं. समोर परात. विमलबाई तांब्यातून पाणी घालणार आणि भाऊसाहेब पाय धुणार. गल्ली दारात जमली होती, कुणाचा तरी फोन शूटिंग करत होता. भाऊसाहेब गुडघ्यांवर बसले, खाली वाकले, आणि वाकल्याबरोबर सगळं रक्त डोक्याकडं धावलं. ज्याला पिकलेली दाढ माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. डोळ्यांपुढं अंधार आला. त्यांनी आधारासाठी हाताला लागलं ते घट्ट धरलं. ते जावयाचं पाऊल होतं.

पाणी घालून झालं, पुसायचा पंचा आला, तरी भाऊसाहेब उठेनात. पाऊल धरून तसेच वाकलेले. डोळ्यांतून पाणी परातीत पडत होतं.

“पोरीच्या बापाचं मन असतंय बाई,” भामाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “किती भाव हाय!” कुणीतरी म्हणालं. हनुमानरावांनीही चष्मा काढून पुसला.

फक्त वैजनाथ वरून बघत होता. सासऱ्याच्या उजव्या जबड्यावरचा फुगीर उंचवटा त्याला वरून स्वच्छ दिसत होता. त्यानं वाकून भाऊसाहेबांची हनुवटी धरली आणि तोंड वर केलं.

“मामा, आऽ करा.”

“जावईबापू, जेवनं...”

“आऽ करा.”

एका हातानं त्यानं मोबाईलची बॅटरी लावली. ओले पाय परातीत ठेवून पाटावर बसलेला जावई, त्याच्यापुढं गुडघे टेकून तोंड उघडून बसलेला सासरा, आणि भोवती सगळी गल्ली. तंबाखूमुक्त शाळेचे सहा फोटो भाऊसाहेबांनी स्वतः काढून पाठवले होते, पण असा फोटो त्यांच्या आयुष्यात निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आता हा एक शब्द बोलेल आणि सगळं संपेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते राजनंदिनीकडं बघत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात पातेलं धरून उभी होती.

वैजनाथनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, आणि डावीकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

“हे काम कुणी सुरू केलंय?”

“कड्याला,” भाऊसाहेब उघड्या तोंडानं म्हणाले.

“कड्याला?” हनुमानराव ओरडले. “कारखान्याच्या कड्याला? आवो पाव्हणं, तुमचा जावई हितं अंबाजोगाईत बसलाय की!”

“मामांना त्रास द्यायचा नव्हता मला,” वैजनाथ शांतपणे म्हणाला. सगळ्यांना वाटलं तो चुकून उलटं बोलला. बॅटरी बंद करून तो उठला. “दाढ आहे फक्त. बाकी काही नाही. मामा, आत चला जरा.”

आतल्या खोलीत त्यानं दार लोटून घेतलं. भाऊसाहेब कॉटच्या काठावर बसले.

“मामा, मला साखरपुड्याच्या आधीपासून माहिती आहे. राजनंदिनीनंच सांगितलं. म्हणाली, माझे पप्पा एक गोष्ट खोटं बोललेत, ते ऐकून मग हो म्हणा.”

भाऊसाहेबांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांना वाटला अपमान. मिश्री, गोळी, सतरा किडे, दोन तालुक्यांची धूळ, आणि पोरीनं हे वर्षापूर्वीच सांगून टाकलेलं! “मग मला कावून न्हाई सांगितलं?” ते चिडून म्हणाले.

“तुम्ही कधी आलाच नाहीत. मी तरी सासऱ्याला तोंड उघडा म्हणून कसा त्रास देणार?” वैजनाथ हसला नाही. “उद्या सकाळी दवाखान्यात यायचं. दाढ मी पूर्ण करतो, वाचेल ती. हिरड्या साफ करू. पण तो चट्टा मला आवडला नाही. आणि आता डावीकडंही तसंच सुरू झालंय. आजपासून पूर्ण बंद. निम्मं नाही. दोन आठवड्यांनी मी परत बघणार, आणि गेला नसेल तर मी स्वतः तुम्हाला घेऊन तपासणीला जाणार.”

भाऊसाहेबांनी मान हलवली. त्यांना एकदम खूप थकवा आला.

“फक्त आमच्या दादांना कळू देऊ नका,” जाताना वैजनाथ वडिलांबद्दल हळूच म्हणाला. “तंबाखूचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरतं. लग्नाच्या वेळी मी त्यांना काही बोललो नाही. आता कळलं तर बोलणी राजनंदिनीला बसतील.”

म्हणजे भीती होती तिथंच होती, नुसता तिला आणखी एक वाटेकरी मिळाला होता. दुखणं थांबायची गोळी घेऊन भाऊसाहेब पंगतीला बसले. डाव्या बाजूनं त्यांनी धोंड्याचं पुरण तेवढं गिळलं, अनारसा नुसता ताटात फिरवला. हनुमानरावही सावकाश जेवत होते. अनारसे त्यांनीही ठेवले होते.

जेवणं झाल्यावर हात धुवायला भाऊसाहेब मागं परसात नळावर गेले. हनुमानराव पाठोपाठ आले. त्यांनी आजूबाजूला बघितलं, नळ चालूच ठेवला आणि आवाज खाली आणला.

“पाव्हणं, ती कड्याची डाक्टरीन कशी हाय ओ?”

“चांगली हाय. कावून?”

हनुमानरावांनी बोट घालून डावा गाल ओढला. आतलं सगळं भाऊसाहेबांना ओळखीचं वाटलं. “दोन महिने झाले, पानी लागू देत न्हाई. आन् पोराकडं जायची सोय न्हाई. त्यो एकदा तोंडात बगायला लागला की सगळंच बगतोय.” त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पुडीचा कोपरा तेवढा दाखवला आणि परत आत घातला. “चाळीस वर्सं झाली, घरात कुनाला पत्ता न्हाई. तुमी निर्व्यसनी मानूस, तुमाला हसू येत आसंल. पन कड्याला कोनती गाडी जाती तेवढं सांगा. नाव दुसरं सांगितलं तर चालतंय का तितं?”

भाऊसाहेबांना खरंच हसू यायला हवं होतं. एका क्षणी आलंही, पण दाढेपर्यंत पोचून तिथंच थांबलं. या माणसाच्या धाकानं आपण काय काय केलं! आणि आता हाच म्हातारा, जाऊन-येऊन अकरा तास एसटीत बसून, तोंडाला पंचा बांधून, दुसऱ्याचं नाव सांगणार. गाडी कुठली, ती मांजरसुंब्याला किती वाजता येते, कुठल्या बाजूला ऊन लागत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. सांगायला तोंडही उघडलं. पण हनुमानरावांच्या गालातला तो पांढरा चट्टा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. तो भाऊसाहेबांच्या चट्ट्यापेक्षा मोठा होता.

आता आपल्याच्यानं आणखी एक खोटं होणार नाही, स्वतःसाठी नाही आणि दुसऱ्यासाठी तर मुळीच नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी नळ बंद केला.

“पाव्हणं, गाडी सांगता ना?” हनुमानराव म्हणाले.

भाऊसाहेब घराकडं तोंड करून उभे राहिले आणि दुखऱ्या जबड्यानं जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. आतली भांडी वाजायची थांबली. हनुमानरावांनी त्यांचा हात गच्च धरला, पण उशीर झाला होता.

“जावईबापू! बॅटरी घेऊन मागं या! तंबाखू खानारे दोघं हाओत हितं. आधी दादांचं बगा.”